नावाला स्वतंत्र ओळ

सरांच्या दाराला घंटा होती आणि घंटेखाली एक छापील कागद चिकटवलेला होता. त्यावर ठळक अक्षरांत "घंटा" असं एका ओळीत, आणि खालच्या ओळीत थोडं आत सरकवून, "वाजत नाही. कडी वाजवावी. दोनदा पुरते." त्याखाली पुन्हा ठळक "कुत्रा", आणि आत सरकवून, "शेजाऱ्यांचा आहे. आपल्या पायरीवर झोपतो. चावत नाही आणि उठतही नाही. ओलांडून यावे."

किन्हवलीच्या स्टँडवरून चालत मी पहिल्यांदा तिथे पोचले, तेव्हा हा कागद दोनदा वाचला. एक तर मला मराठी वाचायला तेव्हा वेळ लागायचा. दुसरं म्हणजे आत जाण्याआधी थोडा वेळ मिळाला तर मला नेहमीच बरं वाटतं.

मी शहापूरची. शाळा इंग्लिश मीडियम, कॉलेज कल्याणला. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी आमच्या विभागाने नियम काढला, की प्रबंध लाटेकमध्येच जुळवून द्यायचा. लाटेक म्हणजे अक्षरजुळणीची एक पद्धत. तिच्यात पान डोळ्यांसमोर तयार होत नाही. आपण साधा मजकूर लिहायचा आणि मध्ये मध्ये सांगत जायचं, की हे शीर्षक आहे, हे सूत्र आहे, इथून यादी सुरू होते, इथे संपते. कसं दिसायचं ते वेगळं, एकाच जागी ठरवायचं. मग संगणक पान करून देतो, किंवा चूक सापडली तर रागावून थांबतो. माझा संगणक बहुतेक वेळा थांबायचा. बाबांच्या ओळखीतल्या कुणीतरी सांगितलं, किन्हवलीत एक गणिताचे सर आहेत, निवृत्त झालेत, घराच्या पुढच्या खोलीत बसून शहापूर-मुरबाडच्या शाळांच्या प्रश्नपत्रिका आणि पत्रकं याच पद्धतीने जुळवतात, जरा वेगळे आहेत.

मी महिनाभरासाठी गेले आणि दीड वर्ष जात राहिले.

पहिल्या दिवशी त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "नाव?"

मी सांगितलं.

"वर्णन?"

मला वाटलं, शिक्षण विचारतायत. पण तेही सांगायला तोंड उघडेना.

"सुचलं की सांग. घाई नाही," असं म्हणून ते कामाला लागले. नंतर कळलं, की ते सगळ्यांना असंच विचारतात. गॅसच्या टाक्या आणणाऱ्याने एकदा "एकट्याने दोन उचलतो" असं उत्तर दिलं होतं आणि सरांनी ते मनापासून मान्य केलं होतं. माझ्या बाबतीत सहा महिने वाट बघून त्यांनीच काम उरकलं. एका मुख्याध्यापकांना माझी ओळख करून देताना म्हणाले, "ही कमी बोलते. चुका तिला आधी दिसतात." मला लाज वाटली आणि बसमध्ये घरी जाताना मी ती दोन वाक्यं पुन्हा पुन्हा म्हणून बघितली.

लाटेकमध्ये तीन प्रकारच्या याद्या असतात. ठिपक्यांची, आकड्यांची, आणि तिसरी वर्णनाची. तिसरीत आधी नाव चौकोनी कंसात द्यायचं आणि पुढे त्याचं वर्णन लिहायचं. नाव आपोआप ठळक होतं. सरांच्या लेखी पहिल्या दोन याद्या म्हणजे बालवाडी होती. "ठिपके देणारा माणूस सुटका करून घेत असतो," ते म्हणायचे. समोर कोणताही कागद आला, की त्यात लपलेली वर्णनाची यादी ते शोधून काढत. भात-बियाण्याच्या दुकानाचं पत्रक असो की शाळेच्या सहलीची सूचना, सर ते सगळं मोडून पुन्हा नाव आणि वर्णन, नाव आणि वर्णन असं मांडत. गिऱ्हाईक सुरुवातीला कुरकुरायचं. घरी नेऊन वाचल्यावर मात्र कुणी परत बदलून मागितल्याचं मी पाहिलं नाही.

यादी सुरू करताना एक आज्ञा असते आणि संपवताना एक. संपवायची विसरली, तर पुढचा सगळा मजकूर त्या यादीच्या पोटात जातो. पहिल्या आठवड्यात मी हे इतक्या वेळा केलं, की सरांनी रागवायचं सोडून "उघडलंस?" एवढंच विचारायला सुरुवात केली. मी "हो" म्हटलं, की "मग?" एवढंच. हाच प्रश्न ते फाटकाबद्दल, नळाबद्दल आणि काकींच्या गोष्टींबद्दलही विचारायचे. काकी म्हणजे सरांच्या पत्नी. त्यांचं माहेर धसईकडचं, बोलणं सैल आणि मजेदार. एखाद्या लग्नाची हकिगत सुरू करून त्या भाजी बघायला उठल्या, की सर आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणत, "उघडलंत. मग?"

"येते हो. माझी गोष्ट काय पळून जात नाय," काकी आतून म्हणत.

स्वयंपाकघरातल्या डब्यांवरही सरांच्या चिठ्ठ्या होत्या. "मीठ. बारीक. जाडं मीठ खिडकीतल्या बरणीत." "रवा. आहे असं वाटतं, पण डबा हलवून बघावा." काकी त्या चिठ्ठ्यांकडे कधी बघत नसत. मला एकदा म्हणाल्या, "माझ्या कपाळावर पन लावा म्हटलं एक चिठ्ठी. हरवले तर सापडेन."

"तुमचं वर्णन चालू आहे," सर म्हणाले. "पूर्ण नाही झालं."

"चाळीस वर्षं झाली गो," काकी मला म्हणाल्या, "अजून प्रूफच बघतायत."

सरांचे नियम थोडेच होते, पण ते हलत नसत. वर्णन नसेल तर नाव छापायचं नाही. "इत्यादी" हा शब्द कुठेही दिसला, की ते त्यावर काट मारत आणि समासात लिहीत, "उरलेले कोण?" वस्तू शक्य असेल तर डोळ्यांनी बघायची. एका शाळेने तानसा तलावाच्या आसपासच्या झाडांची पुस्तिका करायला दिली होती. त्यात एका झाडापुढे लिहिलेलं, "साल करडी. पाने उन्हाळ्यात गळतात. उपयोगी." सर स्कूटरवरून तानसाला गेले, दिवसभर फिरले आणि संध्याकाळी लाल तोंडाने परत आले. दुसऱ्या दिवशी शाळेला पुस्तिका परत, सोबत चिठ्ठी: "या वर्णनाला पाच झाडे लागू पडतात. त्यातले एक ठरवून कळवावे." तीन आठवड्यांनी मुलांनी स्वतः लिहिलेली वर्णनं आली. एकात लिहिलं होतं, "याच्या खोडाला कान लावला तर मुंग्या ऐकू येतात." सरांनी त्यातलं अक्षरही बदललं नाही.

पण सगळ्यांत पक्का नियम नावाचा होता. वर्णनाच्या यादीत नाव दोन तऱ्हांनी बसवता येतं. एक तर नाव डावीकडे आणि त्याच ओळीत त्याच्या शेजारी वर्णन. किंवा नाव एकटं एका ओळीत आणि वर्णन खालच्या ओळीपासून. पहिल्या तऱ्हेने जागा वाचते, म्हणून सगळे तसंच करतात. सर कधीच करत नसत. नावाला स्वतंत्र ओळ. कागद वाढला तर वाढू दे. यावरून त्यांची दोन कामं गेलेली मला माहीत आहेत. मुरबाडच्या एका छापखान्यात त्यांना "एक ओळवाले सर" म्हणत, आणि ते काही कौतुकाने नव्हे.

मला याचं फार कुतूहल होतं. विचारायला मला आठ महिने लागले. एका दुपारी चहा पिताना एकदम तोंडातून निघून गेलं, "सर, शेजारी घेतलं तर काय बिघडतं?"

त्यांनी कप खाली ठेवला. "तुमच्या शाळेत हजेरी कशी घ्यायचे?"

"नंबरने."

"हं. मी नावाने घ्यायचो. नाव घेतलं, की थांबायचो. मागच्या बाकावरचा मुलगा आधी पाय काढतो, मग उभा राहतो, मग हजर म्हणतो. तेवढा वेळ त्याचा असतो. पुढचं नाव घाईने घेतलं, तर तो अर्धवट उभा राहून तसाच खाली बसतो." त्यांनी कप पुन्हा उचलला. "कागदावर तेवढा वेळ द्यायचा तर ओळच द्यावी लागते."

त्यानंतर मी त्या मोकळ्या ओळींकडे वेगळं बघायला लागले. तरी मनात यायचंच, की हे सगळं कुणाला कळतं?

होळीच्या थोडं आधी धसईच्या पुढच्या एका गावाच्या उत्सव समितीचे चिटणीस आले. त्यांच्या गावात बोहाडा होतो. बोहाडा म्हणजे मुखवट्यांचा उत्सव. संबळ आणि पिपाणी वाजते, एकेक सोंग गावच्या मैदानात येतं, नाचून जातं. कोणतं सोंग कोणत्या घराने नाचवायचं हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं, आणि तो मुखवटा त्याच घरात वर्षभर राहतो. मी शहापूरला एवढी वर्षं राहून बोहाडा पाहिला नव्हता. हे मी तिथे बोलले नाही.

"बाहेरची माणसं येतात हल्ली," चिटणीस म्हणाले. "विचारतात, हे कोण, ते कोण. आमी किती जणांना सांगायचं? म्हणून यंदा छापून वाटू म्हटलं. एकच कागद, मधे घडी. वर फोटो, मागं निमंत्रण, आत दोन पानांवर सोंगं. अक्षर बारीक नको, म्हातारी माणसं वाचतील."

त्यांनी वही काढली. सव्वीस सोंगं होती आणि प्रत्येकापुढे त्या त्या घराने सांगितलेला मजकूर, त्यांच्याच शब्दांत. "भीम. गदा बाभळीची. पोरांनी जवळ येऊ नये, खरी लागते." "शारदा. मोरावर येते. मोर दरवर्षी नवा, शारदा तीच." सर वही वाचत होते आणि त्यांचा चेहरा हळूहळू असा होत गेला, जसा काकींचा फणसाचे गरे बघून होतो. तयारच वर्णनाची यादी, तीही अशी.

दोन दिवसांत आम्ही ती जुळवली. सव्वीस नावं, सव्वीस स्वतंत्र ओळी. दोन्ही पानं काठोकाठ भरली, आणि महिषासुराचं शेवटचं वाक्य पानाच्या शेवटच्या ओळीवर संपलं. सर दिवसभर खुशीत होते. चिटणिसांना त्यांनी फोन करून सांगितलं, पानं भरली, एका मुंगीला जागा नाही.

चार दिवसांनी दुपारच्या एसटीने एक बाई आल्या. साठीच्या असतील, मी मनात त्यांना काकू म्हटलं. काखेत जुन्या लुगड्यात बांधलेलं मोठं गाठोडं. दारावरचा कागद त्यांनी वाचला नाही, कुत्र्याला मात्र ओलांडून आल्या.

"सोंगांचं छापतात ते हितंच ना?" त्या म्हणाल्या. "आमचं सोंग नाय लिवलं तुमी."

सरांनी वही काढून बघितली. "कोणतं सोंग?"

काकूंनी गाठोडं खुर्चीवर ठेवून सोडलं. आत एक मुखवटा होता, परातीएवढा. मूळचा काळा रंग उडून तपकिरी झालेला, डोळे पांढरे, लाल कापडाची जीभ बाहेर. उजव्या बाजूचा कान अर्धा तुटलेला. मी खुर्ची थोडी मागे घेतली.

"त्राटिका," काकू म्हणाल्या. "आमच्या घरचा मान."

वहीत त्राटिका नव्हती. सर उठले, मुखवट्यासमोर उकिडवे बसले आणि बराच वेळ बघत राहिले. बोटाने तुटलेल्या कानाची कड चाचपली.

"कोण नाचवतं?"

"आमचे मालक. वीस वर्षं. शेवटच्या वर्षी तर असे नाचले, असे नाचले, लोक म्हनाले म्हातारा झपाटलाय." त्यांनी मुखवट्याची जीभ सरळ केली. "चार वर्षं झाली जाऊन. तेव्हापासनं सोंग खाली काढलं नाय. पोरगा हाय एक, मुरबाडला कंपनीत. त्याची शिफ्ट असते."

"वर्णन सांगा," सर म्हणाले आणि मला खूण केली. मी लिहायला लागले.

काकू उभ्याच राहिल्या, शाळेतल्या मुलीसारख्या हात पुढे बांधून. "त्राटिका. तोंड पांगाऱ्याच्या लाकडाचं, आजेसासऱ्यांनी कोरलं. उजवा कान नाचता नाचता फुटला, बदलायचा नाय. येताना पाठमोरी येते."

"पाठमोरी का?"

"तोंड आधी दिसलं का पोरं पळत्यात. मग नाच कोन बघनार?"

सर हसले. मग त्यांनी तिथूनच चिटणिसांना फोन लावला. पलीकडचं बोलणं मला अर्धवट ऐकू आलं. चिटणीस म्हणत होते, "नाय हो सर, घालायला काय हरकत? पण तुमीच म्हणालात ना, पानं भरली. जागाच नाय तर आपण काय करणार?"

"बरोबर," सर म्हणाले. "गुरुवारी अकराला प्रूफ बघायला या."

फोन ठेवून त्यांनी काकूंना सांगितलं, "गुरुवारी अकराला या. हे घेऊन या."

काकू गेल्यावर आतून काकी बाहेर आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "जागा कसली," त्या म्हणाल्या. "पोरगा चार वर्षं गावाकडं फिरकला नाय. उत्सवालाबी नाय आला. यादीत नाव आनि मैदानात सोंग नाय, तर गावाची शोभा. पन ते विधवेच्या तोंडावर कोन बोलनार? म्हनून जागा."

"म्हणजे यंदा नाही छापलं, तर?" मी विचारलं.

"एकदा छापलं ना, का तेच खरं धरतात. पुढल्या वर्षी हाच कागद बघून छापतील. मग कोन म्हनंल तिचा मान होता म्हणून?"

सरांनी मोजपट्टी घेतली. त्राटिकेला तीन ओळी हव्या होत्या.

पुढचे दोन दिवस आम्ही तीन ओळी शोधत होतो. अक्षर लहान करायचं नाही, हे कबूल केलेलं. ओळींमधलं अंतर सरांनी केसाएवढं कमी केलं, त्यातून एक ओळ निघाली आणि पान गुदमरल्यासारखं दिसायला लागलं. ते त्यांनी पूर्ववत केलं. मी म्हटलं, भीमाच्या गदेचं वाक्य जरा छोटं करता येईल. सर म्हणाले, "ते त्या घराने सांगितलंय. आपण कोण?" समास आधीच अरुंद होता.

बुधवारी सकाळी मी पोचले तेव्हा ते संगणक न लावता बसले होते.

"नावं शेजारी घे," ते म्हणाले.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"सगळी. सव्वीस आणि एक. शेजारी." ते खिडकीबाहेर बघत होते. "सव्वीस जणांनी थोडं लवकर बसायचं, म्हणजे सत्ताविसावा उभा राहील."

मी बदल केला. एका जागीच करायचा असतो, दोन शब्दांचा. पान तयार होऊन आलं तेव्हा दोघेही बघत राहिलो. वाचली होती जेमतेम एक ओळ. मजकूर अजून दोन ओळी पुढच्या पानावर सांडत होता. कारण नावं शेजारी घेतली, की डावीकडे नावांचा एक पट्टा तयार होतो, आणि तो सगळ्यांत लांब नावाएवढा रुंद ठेवावा लागतो. आमच्या यादीत हिरण्यकशिपू होता. त्याच्या मापाचा पट्टा सोडल्यावर भीमाच्या दोन अक्षरांपुढेही तेवढीच मोकळी जागा, आणि सगळ्यांची वर्णनं उजवीकडे अंग चोरून उभी. दोन ओळींची तीन ओळींची झाली होती.

सरांनी चष्मा काढला. "झालं," ते म्हणाले. त्यांना मी असं कधी पाहिलं नव्हतं. आपला नियम मोडायचा आणि त्याचाही उपयोग होऊ नये, असं काहीतरी.

मला एक दिसत होतं. पण बोलायचं म्हणजे आधी मनात जुळवायला लागतं, मराठीत तर जास्तच. शेवटी मी म्हटलं, "सर, पट्टा खंडेरावाच्या मापाचा ठेवला तर? त्याच्याहून लांब नावं दोनच आहेत."

"आणि हिरण्यकशिपू?"

"तो पट्ट्याबाहेर जाईल. त्याचं वर्णन खालच्या ओळीवर घ्यायचं. फक्त त्याचं. आणि महिषासुराचं."

"दोघांना वेगळा नियम?"

"दोघेही राक्षस आहेत, सर."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या पोटातून एक आवाज आला आणि मला कळलं, की ते हसतायत. आतून काकी बघायला आल्या. "हिने विनोद केला," सरांनी त्यांना सांगितलं.

मी माप बदललं. दोन राक्षस बाहेर राहिले, बाकी सगळे सैल होऊन बसले, आणि चार ओळी निघाल्या. त्राटिका बसली.

गुरुवारी अकराला चिटणीस मोटारसायकलवरून आले. काकू आधीच आलेल्या होत्या, गाठोडं सोडून मुखवटा शेजारच्या खुर्चीवर ठेवून बसल्या होत्या. सरांनी दोघांना एकाच वेळी मुद्दाम बोलावलं, की त्यांना गुरुवार अकरा एवढीच वेळ सुचली, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. त्यांच्या बाबतीत दोन्ही शक्य होतं.

"वयनी, तुमी?" चिटणीस दारातच म्हणाले.

"ये रे भावजी. बस."

सरांनी प्रूफ पुढे केलं. "जागेची अडचण होती ना? मिटली."

चिटणीस उभ्याउभ्या वाचायला लागले. त्राटिकेपाशी थांबले. "अक्षर बारीक केलं काय सर?"

"नाही. ही मोजपट्टी."

"मजकूर कापला कुणाचा?"

"एक शब्द नाही."

"नावं आधी सुटी होती. ते चांगलं दिसत होतं. तुमीच म्हणाला होतात, नावाला ओळ पायजे."

"म्हणालो होतो," सर म्हणाले. "अजूनही तसंच वाटतं. आणखी काही अडचण असेल तर सांगा. यासुद्धा इथेच आहेत."

चिटणिसांनी कागद उलटा करून निमंत्रण वाचलं. पुन्हा सुलटा केला. ते वाईट नव्हते. कानशिलावर घाम आला होता. खुर्चीवरची त्राटिका त्यांच्याकडेच बघत होती.

"मी बोलते," काकू म्हणाल्या. "पोरगा येत नाय. तेच ना?"

"तसं नाय वयनी."

"तसंच हाय. तुझ्या जागी मी असते तर मीबी नसतं घातलं." त्यांनी पदर सारखा केला. "तू त्याला फोन लाव. माझा उचलत नाय, दोन मिनटांत कामावर हाय म्हनतो. तुझा उचलंल."

"आनि काय बोलू?"

"काय बोलू नको. हे वाच."

चिटणिसांनी फोन लावला. पलीकडे यंत्रांची घरघर होती, काही ऐकू येईना, म्हणून त्यांनी आवाज मोठा करून फोन टेबलावर ठेवला. मग कागद डोळ्यांजवळ धरून त्यांनी वाचलं. मोठ्याने, एकेक शब्द तोडत. त्राटिका. तोंड पांगाऱ्याच्या लाकडाचं, आजेसासऱ्यांनी कोरलं. उजवा कान नाचता नाचता फुटला, बदलायचा नाय. येताना पाठमोरी येते.

पलीकडची घरघर कमी झाली. तो चालत कुठेतरी बाहेर आला असावा.

"काका, हे कोनी सांगितलं?"

"तुझ्या आयनी. छापतायत."

"कान उजवा नाय. डावा हाय."

सर खुर्चीतून पुढे झुकले. काकू मुखवट्याकडे वळल्या. "उजवा तर हाय," त्या म्हणाल्या. "हा काय, समोर हाय माझ्या."

"आई?" पलीकडून आवाज एकदम बदलला. "तू हाईस तिथं? तुला समोरनं उजवा दिसतो. डोक्यावर चढवला का डावा. डाव्या कानाला वारा लागतो तिथनं."

"तुम्ही घातलाय?" सरांनी विचारलं. त्यांना आपण मध्ये बोलतोय याचं भान नव्हतं.

"बापाच्या शेवटच्या वर्षी," तो म्हणाला. "दोन फेऱ्या झाल्या का त्यांना दम लागला. देवळामागं लुगडं उतरवलं, मी नेसलो. पुढच्या तीन फेऱ्या मी मारल्या. कोनाला सांगू नको म्हनाले. नाय सांगितलं."

चिटणिसांनी काकूंकडे बघितलं. त्या मुखवट्याच्या तुटलेल्या कानाकडे बघत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला नीट सांगता येणार नाही. हसू होतं, पण ते कुठून यावं ते अजून ठरलं नव्हतं.

"तरीच," त्या म्हणाल्या.

"काय?"

"काय नाय. रजा टाक."

"तारीख तर सांगा कोनी," तो म्हणाला.

चिटणिसांनी खिशातून पेन काढलं, मग ते कशाला काढलं हे न समजून हातातच धरलं, आणि तारीख सांगितली. दोनदा सांगितली.

सर माझ्याकडे वळले. "घालणाऱ्याचं धरायचं," ते म्हणाले. "डावा कर."

मी त्राटिका उघडली, उजवा काढून डावा केलं आणि पान पुन्हा तयार करायला दिलं. ओळी तेवढ्याच राहिल्या.